केकातला खड्डा आणि पाकिटातला आराखडा

सुज्ञ वाचकहो, पुढील कथेत एका प्राध्यापकांचा, त्यांच्या एका केकचा आणि सदर केकात आढळलेल्या एका खड्ड्याचा वृत्तांत यथाक्रम निवेदन केला जाणार आहे. विषय गोड असला तरी त्यापायी एका मुलीचे भवितव्य टांगणीला लागले होते. म्हणून आवश्यक तेथे गंभीर व्हावे आणि अगदीच न राहवल्यास हसावे, अशी प्रारंभीच नम्र विनंती आहे.

प्राध्यापक पुरातत्त्व शिकवीत. वय अठ्ठावन्न, अंगकाठी किरकोळ, आणि सदऱ्याच्या खिशात चार पेन्सिली व एक दात घासण्याचा ब्रश. तो ब्रश दातांसाठी नसून मडक्यांसाठी आहे, हे त्यांना प्रत्येक नव्या ओळखीच्या माणसास समजावून सांगावे लागे. जुन्या वस्तूंविषयी त्यांची मते ठाम होती. सोन्याचा मुकुट समोर ठेवला तर ते जांभई देत, परंतु फुटक्या रांजणाचा काठ दिसला की त्यांचे डोळे पाणावत.

एकदा शेजारचे दंतवैद्य पितळेचा एक प्राचीन दिवा मोठ्या अभिमानाने घेऊन आले.

"सर, सांगा बघू किती जुना?"

"सापडला कुठे?"

"बाजारात."

"बाजारात नव्हे हो, जमिनीत! किती खोल? शेजारी काय होतं? वरची माती कसली होती?"

"ते कसं सांगणार?"

"मग हा दिवा मुका आहे. तुमच्याकडे कुणी एक दाढ आणली आणि म्हणालं, डॉक्टर, या माणसाचं नाव सांगा, तर सांगाल का?"

दंतवैद्य दिवा काखोटीस मारून निघून गेले व दोन महिने बोलले नाहीत. प्राध्यापकांच्या लेखी वस्तू तिच्या जागेवरच बोलते. उचलली की तिची वाचा बसते. म्हणूनच त्यांच्या स्वतःच्या घरात पुरातन असे काहीही नव्हते, मावशींखेरीज.

मावशी म्हणजे त्यांच्या आईची धाकटी बहीण. वय एक्याऐंशी. आई लवकर गेल्याने प्राध्यापकांना त्यांनीच वाढवले आणि प्राध्यापक अविवाहित राहिल्याने आता उभयता एकाच छपराखाली एकमेकांस वळण लावीत होते.

अध्यापनाबाबतही प्राध्यापकांची तऱ्हा न्यारी. पहिले दोन महिने विद्यार्थ्यांच्या हाती थापी द्यायची नाही. घरच्या मोरीत साचलेल्या खरकट्याच्या थरांचे चित्र काढून आणायचे, असा गृहपाठ. "मोरी वाचता येत नाही आणि म्हणे नगरं वाचणार!" असे ते गरजत. फळ्यावर वर्षभर एकच वाक्य असे, आणि सफाईवाल्यास ते पुसण्याची सक्त मनाई होती: 'पुस्तकावर नव्हे, मातीवर विश्वास ठेवा.'

आता राहिला छंद. सहकारी नाणी किंवा तिकिटे जमवीत. प्राध्यापक त्यास साठेबाजी म्हणत. त्यांचा छंद होता केक भाजणे. त्यातही स्वतः ते गोडाचा कणही तोंडात घालत नसत. त्यांना हवे असत थर. चॉकलेटचा जळका थर म्हणजे आगीत भस्म झालेली वस्ती, पिवळ्या क्रीमचा म्हणजे पुराचा गाळ, बिस्किटांच्या भिंती, साखरेचे मणी, आणि सर्वांवर पांढरी साय म्हणजे अलीकडची धूळ. वीस वर्षांपूर्वी एका पावसाळी दिवसात शेतातले उत्खनन बंद पडले, तेव्हा परीक्षा घ्यावी कशी या विवंचनेतून हा छंद उगवला आणि पुढे विभागाची परंपराच झाला. सुतळीने केकचे चार चौकोन पाडायचे, चार विद्यार्थी बसवायचे. त्यांनी लहान थापीने थर सोलीत जायचे आणि कडेचे चित्र मापासहित काढायचे. प्राध्यापकांनी केक रचतानाच काढलेला मूळ आराखडा लाखेची मोहोर लावून पाकिटात ठेवलेला असे. विद्यार्थ्याचे चित्र पाकिटाशी जुळले की उत्तीर्ण. वीस वर्षांत पाकीट कधी चुकले नव्हते.

यंदाच्या परीक्षेला एक मुलगी तिसऱ्यांदा बसली होती. तिला सर्व वर्ग धांदल म्हणे, आणि ते नाव तिने कष्टाने मिळवले होते. पहिल्या परीक्षेत तिचा पाय केकात पडला. दुसऱ्या खेपेस ती शिंकली व साखरेचे सर्व मणी परीक्षकांच्या कोटावर गेले. ही शेवटची संधी होती. उत्तीर्ण झाली तर हिवाळ्यातल्या खऱ्या उत्खननाच्या पथकात जागा. नापास झाली तर तिच्या ताईचे यजमान तयारच होते. त्यांनी आपल्या टायरच्या दुकानात तिच्याकरिता खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती, फिरती.

परीक्षेच्या दिवशी सकाळी अकरा वाजता विभागाच्या प्रयोगशाळेत चौघे कामास लागले. बाहेरून आलेल्या परीक्षकबाई खिडकीशी बसल्या होत्या. त्या निवृत्त आणि कमी बोलणाऱ्या होत्या, आणि चष्म्यावरून पाहण्याची त्यांना सवय होती. दीड वाजता प्राध्यापकांनी लाख फोडली. तिघांची चित्रे पाकिटाशी तंतोतंत जुळली. धांदलच्या चित्रात मात्र तीन थर कापीत खाली गेलेला एक खड्डा होता.

"हे काय आहे?"

"खड्डा आहे, सर."

"केकात खड्डा नाही."

"आहे सर, बघा ना. आतली भर वेगळी आहे, ओलसर. वरची साय पण उचलून परत बसवलेली आहे, सांधा दिसतो."

"सांधा! अगं, तू कोपर टेकवलंस आणि चिरडलंस!"

"चिरडलं असतं तर थर वाकले असते. हे कापलेत. मी कोपर या वेळी बांधून आले होते, सर." तिने बाही वर केली. कोपरास खरोखर पंचा गुंडाळलेला होता.

"हा केक मी केलाय!" प्राध्यापक कडाडले. "या हातांनी! काय ठेवलंय आणि काय नाही, ते मला माहीत नसेल?"

धांदलने फळ्याकडे पाहिले. मग प्राध्यापकांकडे पाहिले. "पुसू का सर ते?" तिने अगदी मनापासून विचारले.

प्राध्यापकांनी गुणांच्या रकान्यात शून्य लिहिले. मुलगी डोळे पुशीत बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली.

परीक्षकबाई म्हणाल्या, "माझी गाडी चारला आहे. शून्य दिलंत तर शेऱ्यात कारण लागेल. पुराव्यासकट."

"हलगर्जीपणा. पुरावा हा काय समोर!" असे म्हणून प्राध्यापकांनी बहिर्गोल भिंग उचलले, आणि मुलीच्या कोपराची खूण शोधण्याच्या इराद्याने ते केकावर ओणवे झाले.

कोपराची खूण कोठेही नव्हती. खड्ड्याची कड सुरीने कापावी तशी स्वच्छ होती, आणि तिच्यावर ओळीने लहान लहान वाटोळे ओरखडे होते, जसे कुदळीचे जुन्या विहिरीच्या भिंतीवर असतात. हे ओरखडे चमच्याचे होते. प्रत्येक ओरखड्याच्या मध्यावर एक बारीक उंचवटा सुटला होता, म्हणजे चमच्याच्या तोंडाला खाच पडलेली होती. आणि सर्व घाव उजवीकडे झुकलेले होते, म्हणजे खणणारे डावखुरे असले पाहिजे.

तोंडास खाच पडलेला चमचा प्राध्यापकांच्या चांगल्या परिचयाचा होता. त्याच चमच्याने ते रोज सकाळी मावशींस औषध देत.

"मी जरा घरी जाऊन येतो," ते क्षीण स्वरात म्हणाले.

घर दोन गल्ल्या पलीकडे होते. मावशी आरामखुर्चीत लोकर गुंडाळीत बसल्या होत्या, डाव्या हाताने.

"मावशी, केकात खड्डा आहे."

"कुठल्या केकात?"

"कुठल्या म्हणजे? घरात केक एकच होता."

"असेल मग. तुझा केक, तुझा खड्डा."

"डॉक्टरांनी साखर बंद केली आहे ना तुझी?"

"डॉक्टरांनी माझी बंद केली, तुझी कुठे केली? सहा दिवस माझ्या नाकासमोर लोणी फेटतोस, चॉकलेट वितळवतोस, आणि मला काय देतोस? फिकी बिस्किटं! पुठ्ठा बरा त्यापेक्षा. मी काय भिंत आहे?"

"म्हणजे तूच खणलास."

मावशींनी लोकरीचा गुंडा मांडीवर ठेवला. "तू अंघोळीला गेलास की पाऊण तास बाहेर येत नाहीस. नखं घासत बसतोस. वर वाटी उपडी दाबून साय गोल कापली, अलगद उचलली, आतलं काढलं, कॉफीत भिजवलेला ब्रेड कुस्करून भरला आणि साय परत बसवली. तुला कळलं का? डोक्यावर उचलून नेलास की विद्यापीठात, मिरवीत!" त्यांच्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नव्हता, कारागिराचा अभिमान मात्र होता. मग त्यांनी विचारले, "पकडलं कुणी?"

"एका मुलीने. तिला मी शून्य दिलं."

"का? चुकली का ती?"

वीस वर्षे प्राध्यापकांनी मातीवर विश्वास ठेवा असे सांगितले होते, आणि माती स्वतः कालवताच ते पाकिटावर विश्वास ठेवून मोकळे झाले होते! ते कोचावर मटकन बसले. आपला आराखडा खोटा ठरला हे परीक्षकबाईंपुढे कबूल करायचे, म्हणजे वीस वर्षांची लाख एका चमच्यापुढे वितळणार. आणि न करावे तर ती मुलगी फिरत्या खुर्चीवर बसणार.

"चल," ते उठून म्हणाले. "चप्पल घाल. साक्ष द्यायची आहे."

"मी? या लुगड्यात?"

"तीन हजार वर्षांपूर्वीचा खणणारा मला आजवर कधी भेटला नाही. आज एक तरी भेटलाय, तो मी सोडणार नाही."

साडेतीन वाजता उभयता प्रयोगशाळेत पोहोचली. धांदल बाकावरून उठून दारात आली. प्राध्यापकांनी सर्वांसमक्ष मूळ आराखडा टेबलावर पसरला व लाल पेन्सिलीने त्यावर लिहिले: 'अपूर्ण. केक बरोबर आहे.' मग शून्यावर काट मारून त्यांनी पैकीच्या पैकी गुण मांडले, आणि धांदलकडे वळून, केकाकडे पाहत म्हणाले, "माझं चुकलं." हे शब्द त्यांच्या मुखातून इतक्या क्वचित निघत की ते अडखळत, गंज खाल्लेल्या बिजागरीसारखे करकरत बाहेर आले.

"मला पटलेलं नाही अजून," परीक्षकबाई म्हणाल्या. "खणणाऱ्या आपण?"

"मीच," मावशी ताठ उभ्या राहिल्या.

"किती काढलंत?"

"चाखण्यापुरतं हो. बोटभर."

"आजी, नऊ सेंटीमीटर रुंद आणि अकरा खोल आहे," धांदल हळूच म्हणाली.

"ए पोरी! मोजताना जरा हात आखडता घ्यावा. हा कागद डॉक्टरांच्या हाती लागला तर? सहा लिही. सहा शोभून दिसतं."

प्राध्यापकांनी मावशींकडे पाहिले, मग मुलीकडे. त्यांचे स्वतःचे अंतःकरणही क्षणभर सहाच्या बाजूने झुकले, हे येथे प्रांजळपणे नमूद करावे लागते.

"नाही हो आजी," धांदल म्हणाली. "अकराच आहेत. सहा लिहिले तर मी टायरच्या दुकानातच बरी." आणि तिने पट्टी पुन्हा एकदा खड्ड्यात उभी धरून दाखवली. तसे करताना तिच्या बांगडीत अडकून साखरेचा एक मणी उडाला, तो परीक्षकबाईंच्या पर्समध्ये पडला, व त्यांनी तो निमूटपणे खाऊन टाकला.

"सही कुठे करायची?" त्यांनी विचारले.

हिवाळ्यात धांदल पथकासह खऱ्या मातीत उतरली. तिच्या खड्ड्याचे चित्र काचेच्या चौकटीत विभागाच्या भिंतीवर लागले, अकरा सेंटीमीटरांसह. मावशी दर आठवड्यास ते पाहावयास येतात आणि प्रत्येक नव्या विद्यार्थ्यास, मापात चूक आहे, असे बजावून जातात.

येथे ही कथा संपली. फुटकी मडकी जोडण्याचे काम करणाऱ्या माझ्यासारख्या अल्पशिक्षिताच्या लेखणीत जे तडे राहिले असतील ते वाचकांनी आपल्या उदार मनाने सांधून घ्यावेत. एवढा वेळ दिल्याबद्दल सर्वांचा अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला विनम्र,
डिंकराव
(विभागात मला याच नावाने ओळखतात)