सरूची चिखलणी

"चालवणार कोण?" नर्सरीच्या मालकाने सरूच्या खांद्यावरून मागे बघत विचारलं. मागे कोणीतरी पुरुष माणूस उभा असणार, अशी त्याची खात्रीच होती. मागे कोणी नव्हतं. शहापूरचा सुरेंद्र मिस्त्री सोबत आला होता, पण तो ट्रॅक्टरखाली उताणा पडून इंजिनाला शिव्या घालत होता.

"मीच चालवणार," सरू म्हणाली.

"तसं नाही, शेतात कोण चालवणार?"

"शेतातच मी चालवणार. मिरवायला नाय नेत."

मुरबाडजवळच्या त्या नर्सरीत हा छोटा डिझेल ट्रॅक्टर फणसाखाली कधीपासून पडून होता. चाकांवर वेल चढलेले, सीट उंदरांनी खाल्लेली. मिस्त्री खालून बाहेर आला, हात पुसत म्हणाला, "वहिनी, इंजिनाचा ब्लॉक शाबूत आहे. बाकी सगळं करता येईल." सरूला तेवढं पुरे होतं.

मोठा पूर आला ना, त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. डोळखांबच्या वरच्या अंगाला सरूचा पाडा. नवरा गेला तरी घरात बैलजोडी होती, आणि नांगर धरायला दीर होता, जाणू. आता हा जाणू म्हणजे बोलायला साखर आणि करायला आखडता. आधी स्वतःच्या भातखाचरात पाण्यात नांगर फिरवून चिखलणी, मग सासऱ्याच्या, मग मेव्हण्याच्या. सगळ्यांची शेतं चिखलून झाली की मग वहिनीची आठवण. तोवर सरूचं आवण, म्हणजे लावणीचं रोप, जून होऊन पिवळं पडायचं. जून रोपाला फुटवा येत नाही, हे जाणूला काय ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. भात कमी आलं की हाच मायेने म्हणायचा, "वयनी, जिवाला घोर कशाला? शेत मला अर्धेलीनं दे आनि बस सुखानं." अर्धेलीने, म्हणजे अर्ध्या वाट्याने कसायला दिलेलं शेत परत आलेलं कोणी पाहिलंय? सरू काही दूधखुळी नव्हती.

त्यात उन्हाळ्यात एक बैल साप डसून मेला. एका बैलाचा नांगर होत नाही. जाणू म्हणाला, "आता तरी ऐक." सरूने ऐकलं नाही. उरलेला बैल विकला, गळ्यातली माळ विकली आणि मुरबाडची वाट धरली.

ट्रॅक्टर टेम्पोतून पाड्यावर उतरला तेव्हा बघायला सगळे आले, बोलायला मात्र कोणी नाही. बाईने नांगर धरला तर पाऊस रुसतो, असं तिकडे मानतात. नांगराला नुसता पाय लागला तरी बाई कान धरते, आणि ही तर शेत चिखलायला निघाली होती! जाणूकडे राहणारी सासू, म्हातारी ठमी, काठी टेकत आली. ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली. "नाक कापलंस गो आमचं," एवढंच म्हणाली आणि गेली. त्या दिवसापासून तिने सुनेशी अबोला धरला. जाणूचं बोलणं सरूला कधी लागलं नाही, पण म्हातारीचा अबोला लागला. नवरा गेल्यावर रात्र रात्र सरूसोबत रडणारी ती एकच होती.

मिस्त्री शहापूरहून येत राहिला. नोझल बदलले, क्लचप्लेट बदलली, चिखलात रुतू नये म्हणून लोखंडी चाकं चढवली, मागे चिखल घुसळणारं रोटाव्हेटर जोडलं. सरू शेजारी बसून पाने द्यायची आणि बघायची. "डिझेल अडलं की इंजिन हवा धरतं," मिस्त्री सांगायचा. "हा बोल्ट सैल करायचा, इथं पंप मारायचा. बुडबुडे थांबले की बोल्ट आवळायचा. घाबरायचं नाय, वहिनी."

"घाबरायला येळ कोनाला हाय?" सरू म्हणायची.

पडीक माळावर ती चालवायला शिकली. एकदा करवंदीच्या जाळीत घुसली, अंग ओरबाडून निघालं, पोरं फिदीफिदी हसली. तीही हसली आणि पुन्हा चढून बसली.

आवण वीतभर झालं. यंदा ते पिवळं पडू द्यायचं नाही, असं ठरवून सरूने पदर खोचला आणि ट्रॅक्टर खाचरात घातला. बांधावर अख्खा पाडा जमला होता. जाणू स्वतःचे बैल सोडून आला होता. मागचं रोटाव्हेटर फिरायला लागलं, चिखल उडाला, सरू एक फेरा मारून आली. दुसऱ्या फेऱ्याला इंजिनाने उचकी दिली. पुन्हा एक. आणि मधोमध बंद पडलं.

बांधावर कोणी हसलंसुद्धा नाही. सरूला ते हसण्यापेक्षा वाईट वाटलं.

"मी सांगत व्हतो," जाणू म्हणाला. "देवानं दाखवलं. ये खाली वयनी. माझे बैल हायेत. आज चिखलून देतो, मंग अर्धेलीचं बोलू."

सरू उतरली, पण जाणूकडे गेली नाही. तिने फिल्टर खोलला. आतून पिवळा, चिकट लगदा बाहेर आला. बोटाने चोळून नाकाशी नेला, तर हळद! टाकीचं झाकण काढलं, तर खुरासणीच्या तेलाचा वास. डिझेलच्या टाकीत कोणी खुरासणीचं तेल ओततं? मस्तकात तिडीक गेली तिच्या. "कोन मेला आला व्हता रं माझ्या ट्रॅक्टरला हात लावायला?" ती ओरडली आणि तिने सरळ जाणूकडे बोट केलं. "तूच! दुसरा कोन?"

"आईची आन, मी नाय!" जाणू खरंच दचकला होता.

"त्यानं नाय. मी."

ठमी बांधावरून खाली उतरत होती. गुडघाभर चिखलात काठी रुतत होती, तरी येत होती.

"मीच पाजलं. तेल, हळद आनि गावठी अंडं. मघाशी, तू भाकर खायाला गेलीस तवा."

"आई, तू?" जाणूचं तोंड उघडंच राहिलं.

"मंग कोन? तुझ्या बापाच्या बैलांना चिखलनीच्या आदी मीच पाजायची ना? नळीनं पाजायची, पोटाला जोर यावा म्हनून. इचारलं मनाला, आपल्या घरचा हा नवा बैल उपाशी जुपायचा? कोनी पाजलं नाय याला." म्हातारी धापा टाकत होती. "याचं तोंड कुठं ते मला ठावं नवतं. तेवढी माझी चूक. सरूची कायबी चूक नाय. आनि देवाचं नाव मदी घेऊ नको, जाणू. देवाला एवढाच एक धंदा नाय."

सरूचा राग कुठच्या कुठे गेला. "आपल्या घरचा" म्हणाली होती म्हातारी. "आत्या," ती कशीबशी म्हणाली, "पुढच्या खेपेला मला इचारा. याला अंडं पचत नाय." आणि चिखलात उभ्या दोघीही हसायला लागल्या.

सरूने टाकी बादलीत रिकामी केली. फिल्टर डिझेलमध्ये धुतला, पिळला, पुन्हा धुतला. कॅनमधलं नवं डिझेल भरलं. बोल्ट सैल करून पंप मारत राहिली, अंगठ्याचं सालटं निघालं तरी मारत राहिली. बुडबुडे थांबले. किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, काळा धूर ओकलं आणि धडधडायला लागलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण बांधावरून घरी जायलाही कोणी हललं नाही.

दुपार कलली तेव्हा खाचर सारखं होऊन लोण्यासारखं पसरलं होतं. सरूने हिरव्यागार आवणाच्या मुठी आणून टाकल्या. मदतीला कोण येणार होतं? तिने एकटीनेच वाकून सुरुवात केली. मग बाजूला बघते तर ठमी काठी बांधाला टेकवून, लुगडं वर खोचून तिच्या रांगेला लागलेली. पाऊस भुरभुरत होता. म्हातारीचं लावणं अजून सरळ होतं.

जाणू बैल घेऊन बांधावर आला.

"आई, येतेस ना घरी? भिजतेस."

ठमीने मान वर केली नाही. "तू जा. माझं गोधडं तेवढं सरूच्या घरी धाडून दे," ती म्हणाली आणि आवणाची पुढची काडी चिखलात रोवली.