पंख्याच्या पात्यावरचं नाव

आमच्या ट्रस्टचा नियम एका ओळीचा होता: ज्याच्यावर नाव रंगवता येत नाही, ते द्यायचं नाही.

ट्रस्ट जळगावच्या जवरीलाल शेठजींचा. त्यांची डाळ मिल आहे. आम्ही त्यांना बाबूजी म्हणतो. आई गेल्यावर त्यांनी तिच्या नावानं ट्रस्ट काढला आणि कारकून म्हणून मला बसवलं, त्याला आता बावीस वर्षं झाली. शाळेला बाक, दवाखान्याला कपाट, पाळणाघराला पंखे. पंख्याच्या तिन्ही पात्यांवर लाल रंगात ‘स्व. लाडकुंवरबाई यांच्या स्मरणार्थ’. रंगवायचा तोताराम पेंटर, तपासायचो मी. एखादी वेलांटी चुकली की त्याला पुन्हा शिडीवर चढवायचो. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

मग मंदी आली. आमची मिल दोन पाळ्यांवरून एका पाळीवर आली. पाइपच्या कारखान्यांनी माणसं कमी केली, कापसाच्या जिनिंग गिरण्या आठवड्यातून तीन दिवस चालू लागल्या. ट्रस्टकडे येणारा पैसा निम्मा झाला आणि मागणारे दुप्पट. तेव्हा मी डोकं चालवलं. पंखे-कपाटं बंद, यंदा सगळ्यांना भिंतीवरची घड्याळं! स्वस्तात काम, कुणी नाराज नाही, आणि नावाला ऐन मधोमध जागा. बाबूजी खूश झाले. मी तर इतका खूश झालो की घरी बायकोला तीच गोष्ट दोनदा सांगितली.

पंधरा दिवसांत धरणगावच्या कुंदाबाई पिशवीतून घड्याळ परत घेऊन आल्या. जिनिंगमध्ये कामाला जाणाऱ्या बायांच्या पोरांसाठी त्या पाळणाघर चालवतात. बाया महिन्याला थोडंथोडं द्यायच्या. त्यांचेच दिवस तुटले, तर देणार कुठून? पोरं सांभाळणाऱ्या दोघींचा पगार थकला होता, वीज कापली गेली होती. सोमवारपासून पाळणाघराला कुलूप लागणार होतं.

“मग पोरं कुठे जातील?” मी विचारलं.

“मायसंगे जिनिंगमा, आखो कोठे? मशीनजवय खेळतीन.” त्यांनी घड्याळ माझ्या टेबलावर ठेवलं. “हाई काय कामनं, भाऊ? पोरेस्ना पोटले घड्याय बांधू का?”

“पगार आणि विजेचं बिल ट्रस्टच्या नियमात बसत नाही, अक्का. त्यावर नाव कुठे घालणार?”

हे बोललो आणि माझी मलाच लाज वाटली. पण नियम तो नियम.

आतल्या खोलीतून बाबूजी बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. रागावले होते, पण कुणावर ते कळेना. “देणगी परत? आईच्या नावाची?” म्हणाले. “पितांबर, उद्या धरणगावला जाऊ. घड्याळ मी स्वतः लावतो.”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही पोचलो. एप्रिलचं ऊन. पाळणाघरात वीस-बावीस पोरं सतरंजीवर घामानं डबडबून पडलेली, आणि एक बाई खोक्याच्या पुठ्ठ्यानं आळीपाळीनं वारा घालत होती. बाबूजींनी मान वर केली. ओळीनं सहा पंखे, प्रत्येक पात्यावर लाल, ठळक नाव. त्यांचा चेहरा उजळला.

“वा! अजून कसं लख्ख दिसतंय!”

“दिसनारच, बाबूजी,” कुंदाबाई म्हणाल्या. “पंखा बंद शे म्हनीसन दिसस. फिराले लागना का नाव दिखत नही.”

बाबूजी त्या बाईच्या हातातला पुठ्ठा घेऊन सतरंजीच्या कडेला बसले आणि वारा घालू लागले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, पांढरंशुभ्र धोतर. मला कुठे बघावं कळेना.

वारा घालता घालता म्हणाले, “मिलमधल्या बायांची पोरं आई आमच्या ओसरीवर झोपवायची. अशीच वारा घालत बसायची.” मग वर पात्यांवरच्या नावाकडे बघत म्हणाले, “पितांबर, आईला वाचता येत नव्हतं रे.”

घड्याळ आम्ही तसंच परत आणलं.

त्या आठवड्यात नियम बदलला. नवीन वस्तू बंद. ज्यांना आजवर दिलं, त्यांचं काम बंद पडू द्यायचं नाही. पैसे पगाराला लावा, बिलाला लावा, किराण्याला लावा, तुम्हाला कळतं. दोन वर्षं हमखास मिळतील, दर महिन्याला अर्ज नको. सगळ्यांना पुरणार नव्हतं, म्हणून नव्या बारा जणांना ‘यंदा जमत नाही’ असं मला तोंडावर सांगावं लागलं. घड्याळ देऊन बोळवण करण्यापेक्षा ते बरं, हे मला उशिरा कळलं. तोतारामचं काम गेलं म्हणून तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. मग बाबूजींनी त्याला पाळणाघराच्या भिंती रंगवायला धाडलं. तिथे त्यानं केळीचे घड, मोर आणि एक भलीमोठी रेल्वे काढली. नाव कुणाचंच नाही.

मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. सहाही पंखे गरगर फिरत होते, पोरं गाढ झोपली होती. वर बघितलं तर अक्षर एकही लागेना, नुसतं एक लाल कडं. फार बरं वाटलं. तरी बावीस वर्षांची सवय! दप्तराला नाव दिसणारा एक फोटो हवा म्हणून मी पंख्याच्या बटणाकडे हात नेला.

“पितांबर,” बाबूजी दबक्या आवाजात ओरडले, “हात लावू नकोस! पोरं उठतील.”