शीग लावून की हात फिरवून

मी पायली बोलतेय. धान्य मोजायची, पत्र्याची, काठाला लोखंडी कडं बसवलेली. मला विकत घेतानाच मंगलीच्या सासऱ्यांनी शेजाऱ्याच्या पायलीतली ज्वारी माझ्यात ओतून बघितली. काठोकाठ बसली तेव्हा कुठं पैसे दिले. तेव्हापासून माझ्यावर संशय आहेच.

सासरे गेले. आता मी मंगलीकडे असते. नवरा अंकुश घुग्घुसला कामावर, दीड वर्षाची मोनाली कडेवर, आणि एकरभर ज्वारी हीच बघते. रेशनचा तांदूळ मिळतो, पण भाकरीचा दाणा घरचाच लागतो. कडबा झाला नाही तर बैल कसे पोसायचे? म्हणून एकेका दाण्याचा तिला घोर.

बाजारात कोचिया, म्हणजे धान्य विकत घेणारा देवराव, मला भरताना काठाला हाताचा आडोसा करतो. वर शीग, म्हणजे काठावरचा ढीग, चढतच जाते.

"देवरावभाऊ, हात काढा. शिगेचे पैसे देता का?"

"शीग त रीतच हाय, पोरी."

"मंग ज्वारीच्या भावालेही शीग लावा."

त्यानं हसत हात काढला. मला बरं वाटलं.

यंदा वरचं अर्धं शेत आधी पिकलं. गुणाबाई आणि दोघी जणी कापायला आल्या. आमच्या गावात कापणीची मजुरी ज्वारीतच देतात, दिवसाची एक पायली, तीही शीग लावून. मळणी झाल्यावर मंगलीनं मला भरलं आणि वरून तळहात फिरवला. तळहात मधे जरा आत दबतो. शीग तर गेलीच, वर मूठभर ज्वारीही परत ढिगात पडली. मला कळलं, पण मला तोंड कुठं आहे?

गुणाबाईनं मला उलटी करून बुडावर टिचकी मारली. "पायली त जुनीच हाय. हात नवा झाला का वो, मंगले?"

"नाई मावशी, तोच हाय."

"कोचियाचा हात तू धरतस. तुया कोनी धरावा?"

आठ दिवसांनी खालचं शेत पिकलं. त्या तिघी बांधावरून दुसऱ्याच्या वावरात गेल्या, दुसरंही कोणी कापायला आलं नाही. कणसांवर पोपट उतरले. मंगली डबा बडवत धावायची, मोनाली कडेवर रडायची. गुणाबाईनंच गावात कान भरले असतील, असं ती पुटपुटायची. सगळ्यांवर संशय घेतला, स्वतःचा हात सोडून.

तिसऱ्या दिवशी मला शीग लावून भरलं आणि ती गुणाबाईच्या दारात गेली.

"मावशी, तुमची तिघींची शीग राह्यली होती."

गुणाबाईनं सगळी ज्वारी सुपात ओतली. त्याच ज्वारीनं पुन्हा स्वतः मला भरलं, दाणे आपोआप घरंगळेपर्यंत. "आतापासून मीच मोजीन."

"मोजा."

"तू पाहत राहशील?"

"राहीन त."

"पाह्य मंग. सकाळी येतो."

पोपटांनी खाऊन उरलं ते घरी आलं. मजुरीच्या दिवशी मला गुणाबाईनं भरलं, आणि मंगलीची नजर तिच्या बोटांवरून हलली नाही. विश्वास बसला असं मी म्हणणार नाही.

आता बाजारात आकडे दाखवणारा काटा आलाय. उद्या तुम्ही मला भंगारात द्याल. द्यायच्या आधी एवढंच विचारा, त्या काट्यावर कोणाचा हात फिरतो? माझ्यावरचा निदान दिसतो तरी.