शेवटचा सोडून

टप्... माठाच्या तोटीतून सुटलेला थेंब खालच्या स्टीलच्या पेल्यात पडला आणि बोरगाव मेघेतल्या त्या दोन खोल्यांची दुपार दचकली. पौर्णिमाने आधी लेकीकडे पाहिलं – नाही, रक्षा उठली नव्हती – मग पुन्हा लॅपटॉपवरच्या त्या लाल पट्टीकडे. काठोकाठ भरलेली. डिस्कवर जागा नाही. कुणाच्या तरी प्रबंधाचं शेवटचं प्रकरण टाइप झालेलं, पाचला माणूस न्यायला येणार, आणि फाइल काही केल्या सेव्ह होईना.

नवऱ्याला फोन लावला, तर विवेक हसलाच. "हात नको लावजो त्याले. संध्याकाळी दुकानात नेऊ. मोठी इंजिनीअर होऊन राह्यली!"

"तुमी थांबा संध्याकाळलोक. प्रबंध नाई थांबत," म्हणून तिने फोन ठेवला.

जागा कुणी खाल्ली ते तिने शोधून काढलं. सिस्टमने स्वतःच्याच प्रती, रिस्टोर पॉइंट, करून ठेवल्या होत्या – उद्या बिघडलं तर त्या दिवसावर परत जाता यावं म्हणून – तारखांमागून तारखा... एका तारखेला रक्षाचा पहिला दात पडला होता. मशीनला काय त्याचं. पुसावं तर भलतंच काही जायचं, न पुसावं तर... अल्लीपूरला आई तुरीचं बी राखेत घोळवून मडक्यात ठेवायची. "एकाच सालाचं ठेवाव, पोरी. चार सालाचं ठेवलं तं किडेच पोसा लागते." पण जुनं टाकायच्या आधी ठेवायच्या बियातले दहा दाणे ती ओल्या फडक्यात बांधायची, कोंब दिसले की मगच जुनं पाखडायची.

पौर्णिमाने प्रबंध आधी पेनड्राइव्हवर घेतला, तिथून उघडला, शेवटच्या पानापर्यंत वाचत गेली. कोंब होते. मग बटण दाबलं. शेवटचा सोडून बाकी सगळे काढायचे? – हो.

पट्टी सरकली, मागे मागे... आणि निळी झाली. केलं. मी केलं, कुणाला न विचारता – आणि एकदम वर्ध्याच्या कॉलेजातली ती प्रॅक्टिकलची खोली, सगळ्यांचे प्रोग्राम अडकलेले, तिचा एकटीचा चाललेला, आणि मागे उभे राहिलेले सर तिच्या स्क्रीनवर वाकून पाहणारे... तोच ताठा आज पुन्हा तिच्या पाठीत आला होता.

"काय करून राह्यली, आई?" रक्षा डोळे चोळत मांडीत शिरली.

"याच्यात मागचे दिवस ठेवले होते गं. लई झाले. मी एकच ठेवला."

रक्षाने निळी पट्टी बोटाने पुसून पाहिली. विचार केला. "आई, तुले जर एकच दिवस ठेवाचा असन, तं कोन्ता ठेवशीन?"

पौर्णिमाच्या ओठांवर तो प्रॅक्टिकलचा दिवस आलाच होता. त्या दिवशी रक्षा जन्मलीही नव्हती. तिने लेकीच्या घामेजल्या केसांवर हनुवटी टेकली... खालच्या पेल्यात आणखी एक थेंब पडला. रक्षा मान वर करून वाट पाहत होती.