धर्माची खात्री

मुर्धा गावचा धर्मा ख्रिस्ती झाला, हे गोडदेवच्या शेवंतीला भाईंदरच्या बाजारात कळलं. त्यापेक्षा वाईट गोष्ट तिला पुढे कळली. धर्मा म्हणे चारचौघांत सांगत होता, की आपण आज मेलो तरी सरळ देवाकडे जाऊ, आपली सगळी पापं धुतली गेलीत, आपल्याला खात्री आहे.

शेवंतीनं घेतलेली वांगी टोपलीत टाकली आणि घराकडे न वळता मुर्ध्याची वाट धरली.

धर्मा ओसरीवर जाळं विणत बसला होता. त्याचा थोरला भाऊ रामनाथ शेजारीच विडी ओढत होता. ती अंगणात उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"तू म्हणतोस ते माझ्या तोंडावर म्हण," ती म्हणाली. "तुझी पापं धुतली?"

धर्मानं तिला ओळखलं. हातातली सुई थांबली.

"बोल की रे! बाजारात बोलतोस, इथं काय झालं?"

"देवानं मना माफ केलंय, बाई," तो हळू आवाजात म्हणाला.

"देवानं? देवाचे डोळे गेले होते काय?"

शेवंती पुढे सरकली. "डोळे माझ्या घोवाचे गेले. तीन वर्षं मी त्याला हाताला धरून परसाकडे नेतेय. मला विचारलं तुझ्या देवानं? तुला माफ करायच्या आधी माझ्या दारात आला तो?"

"चल, निघ इथून," रामनाथ उठला. "दारू कोणी त्याच्या नरड्यात ओतली न्हाय."

शेवंतीनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. धर्माच्या पायापुढे थुंकली आणि गेली.

ते दारूबंदीचे दिवस होते. मुर्ध्याच्या खाडीत, तिवरांच्या झाडीत, दोघा भावांची हातभट्टी होती. बासष्टच्या शिमग्याला माल कमी पडला, तेव्हा फर्निचरच्या पॉलिशचं स्पिरिट त्यात घातलं गेलं. गोडदेवात राहणारा विठू गवंडी, मूळचा रत्नागिरीकडचा, ती दारू प्यायला आणि तिसऱ्या दिवशी त्याला उजेड दिसेना. तक्रार कोणी केली नाही, कारण पिणाराही गुन्हेगारच ठरत होता. गावात बोलणं एवढंच झालं, की माल नासला होता.

धर्मानं भट्टी सोडली ती तेव्हापासून. पुढे दोन वर्षं तो स्वतःच पीत राहिला. मग भाईंदर स्टेशनजवळ भाड्याच्या खोलीत रविवारी प्रार्थना घेणारे एक मास्तर त्याला भेटले. नगरकडचे, शाळेत शिकवणारे. त्यांच्यामुळे त्याची दारू सुटली आणि त्याला झोप लागू लागली. बायको आनंदीनं आधी माहेर गाठलं, मग नवरा शुद्धीवर राहतोय बघून ती परत आली. गावानं मात्र त्याला वाळीत टाकलं. होडीवर कोणी घेईना. रामनाथ एका ओसरीवर बसायचा, पण त्याच्या हातचं पाणी पीत नसे.

हे सगळं धर्मानं सोसलं होतं. शेवंतीचा प्रश्न त्याला सोसेना. प्रार्थनेला बसला की तो तिथंच अडायचा. तो मास्तरांकडे गेला.

"शंका सैतान घालतो," मास्तर म्हणाले. "ख्रिस्तानं तुझं पाप स्वतःवर घेतलं. तारण तुझ्या कामावर नाही, त्याच्या कृपेवर आहे. मन डळमळलं म्हणून ते जात नाही."

"सैतान न्हाय आला मास्तर. बाई आली व्हती. मी तरलो. त्या आंधळ्याचं काय?"

"त्याच्यासाठी प्रार्थना कर."

"प्रार्थना!" धर्मा ओरडला. "तुमचं बरं हाय. डोळं दुसऱ्याचं, पाप माझं, माफी देवाची. सगळं मिटलं! मंग ती बाई का तळतळतेय?"

मास्तरांचा चेहरा लाल झाला. "ओरडू नकोस. तू माझ्यापासून काही लपवतोयस. माल नासला होता, असं तू मला सांगितलंस. खरं आहे ते?"

धर्मा खाली बसला. मग म्हणाला, "न्हाय. मीच घातलं स्पिरिट. त्यानं माणूस आंधळा व्हतो, ते मना म्हायत व्हतं. थोडं घातलं तर चालंल, असं वाटलं."

मास्तरांच्या आवाजात आता माया नव्हती. "देवापुढे हे बोललास?"

"बोललो. पयल्याच दिवशी."

"मग तिथली माफी खरी आहे, ती मी परत घेऊ शकत नाही. पण देवाचं भय गेलं ना तुझं? मग आता माणसांना कशाला भितोस? भितोस म्हणून लपवतोस. ही कसली खात्री? जा, तिला सांग."

धर्मा रागानंच बाहेर पडला. पण घरी गेला नाही. रूळ ओलांडून गोडदेवात आला.

विठू दारात खाटेवर बसला होता. शेवंती चूल फुंकत होती. धर्मानं उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळं सांगितलं. शेजारपाजारची माणसं जमली, तरी तो थांबला नाही. "माल नासला नव्हता. मना म्हायत व्हतं," असं तो दोनदा म्हणाला.

शेवंतीनं चुलीतलं जळकं लाकूड ओढून त्याच्यावर फेकलं. ते त्याच्या खांद्याला लागलं. "माहीत होतं!" ती किंचाळली. "इतकी वर्षं मी नशिबाला बोल लावला रे मेल्या! ह्यालाच शिव्या दिल्या, का प्यायलास म्हणून!"

विठूनं तोंड भिंतीकडे वळवलं.

तिथून धर्मा पोलीस चौकीत गेला. भट्टी आपली एकट्याची होती, असं त्यानं लिहून दिलं. भावाचं नाव घेतलं नाही. तरी बातमी कळताच रामनाथनं त्याला अंगणात काठीनं झोडपलं. "स्वर्गात जायचंय ना तुला? जा! आमाला कशाला खड्ड्यात घालतोस?" आनंदी मध्ये पडली म्हणून तो वाचला. ठाण्याच्या कोर्टानं त्याला दीड वर्षाची शिक्षा दिली. शेवंती साक्षीला आली. तिनं जे झालं तेवढंच सांगितलं.

तुरुंगात त्याची खात्री बऱ्याचदा डळमळली. काही रात्री त्याला देवही नको झाला, मास्तरही. पण सकाळी उठून तो पुन्हा तीच प्रार्थना करायचा. त्याच्याकडे दुसरी नव्हतीच.

सुटल्यावर तो गोडदेवला गेला. शेवंतीनं दार अडवलं.

"आता कशाला आलास? अजून खात्री आहे तुला?"

"हाय," तो म्हणाला.

"मला चीड येते तुझ्या खात्रीची."

"येणारच, बाई."

"मी माफ करणार नाही. मरेपर्यंत नाही. ऐकलंस?"

"ऐकलं. मी माफी मागाया न्हाय आलो. काय काम असंल तर सांगा."

"तुझं कसलंच काम नको."

तेवढ्यात आतून विठूचा आवाज आला. "शेवंती, त्याला विचार, उद्या सकाळी येतो काय? तुझी कंबर गेलीय मला परसाकडे नेऊन."

"हा माणूस?" शेवंती वळून ओरडली. "ह्याच्या खांद्यावर हात ठेवणार तू?"

"माफी-बिफी माझ्याकडे पण नाय," विठू म्हणाला. "खांदा पायजे."

शेवंती दारातून बाजूला झाली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मा आला, तेव्हा तिनं दार बंदही केलं नाही. चुलीपाशी पाठ करून बसून राहिली.

विठूनं धर्माचा खांदा चाचपला आणि बोटं रुतवून पकडला. घरापासून खाडीकाठच्या खाजणापर्यंत त्यानं त्याला शिव्या दिल्या. आईवरून, बापावरून, त्याच्या नव्या देवावरून. धर्मा चालत राहिला. वाटेत विठूला ठेच लागली.

"दगड आला तर सांगायला काय तोंड शिवलंय तुझं?"

"फुढं दोन हायत," धर्मा म्हणाला. "डावीकडून चल."