एक इंचाची फट

पद्मिनीचं यंत्र ऑक्टोबरात लखनौला आलं आणि लाकडी खोक्यातच बसून राहिलं. वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या संस्थेत ती नऊ वर्षं काम करत होती. त्यातली चार वर्षं या एका यंत्रासाठी अर्ज लिहिण्यात गेली होती. कळी किंवा पान घेऊन त्याचे नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके पातळ काप काढणारं ते यंत्र. त्याला एकच गोष्ट सोसत नसे, ती म्हणजे हादरा. आणि तिच्या प्रयोगशाळेच्या खिडकीखालून दिवसभर ट्रक जात.

म्हणून कंपनीने आधीच नकाशा पाठवला होता. तळमजल्याच्या काँक्रीटच्या जमिनीतून चार फूट चौरस तुकडा कापून काढायचा, तीन फूट खणायचं, तिथे काँक्रीटचा वेगळा ठोकळा ओतायचा आणि ठोकळा व जमीन यांच्यामध्ये चारी बाजूंनी एक इंचाची फट सोडायची. बाहेरची जमीन कितीही थरथरली तरी थरथर त्या फटीपाशी थांबली पाहिजे.

बांधकाम विभागाने ठेकेदारांकडून दर मागवले. सर्वांत कमी दर जगदंबाप्रसादचा निघाला. असलं काम पूर्वी केलंय का, असं पद्मिनीने त्याला विचारलं. तो बांधकाम विभागाच्या ओव्हरसियरकडे बघून म्हणाला की आपण पूल बांधलेत, ही तर साधी फर्श आहे. पुढे महिनाभर हेच चाललं. प्रश्न ती विचारी आणि उत्तर ओव्हरसियरला मिळे.

दिवाळीनंतर माणसं आली. दोन दिवस काम करत, पाच दिवस गायब होत. पद्मिनीने घरून जुनी लुगडी आणून सूक्ष्मदर्शकांवर टाकली, तरी धूळ आत शिरलीच. कापलेला चौकोन तिने टेपने मोजला तर एक बाजू साडेतीन फूटच भरली. तो पुन्हा कापून घेतला. डिसेंबरात ठोकळा ओतला, तेव्हा फटीत उभ्या केलेल्या फळ्या सरकू नयेत म्हणून दोन दिवस ती स्टूल टाकून तिथेच बसली. तिसऱ्या दिवशी फळ्या निघाल्या, फट स्वच्छ दिसली, आणि ती निश्चिंत होऊन हज़रतगंजला एका सरकारी कचेरीत बैठकीला गेली.

सोमवारी येऊन पाहते तो जमीन आरशासारखी गुळगुळीत. ठोकळा कुठे संपतो आणि जमीन कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. जगदंबाप्रसाद स्वतः दारात उभा होता आणि या खेपेला, पहिल्यांदाच, तो तिच्याशी बोलला.

"मैडम, चारों तरफ दरार रह गई थी. हमने भरवा दी. अब फिनिशिंग देखिए."

पद्मिनी ठोकळ्यापाशी खाली बसली. तिने बोटाने ती जागा चाचपली. सिमेंट अजून ओलसर गार लागत होतं. मग तिने विचारलं, की नकाशा पाहिला होता ना? नकाशा ऑफिसात होता, असं तो म्हणाला. मिस्त्री म्हणाला, आपल्याला कुणी सांगितलंच नाही, आणि भेग दिसली की भरायची, हे आपण लहानपणापासून शिकलोय. ओव्हरसियर म्हणाला, काम तर देखणं झालंय.

त्याच आठवड्यात यंत्र बसवायला मुंबईहून कंपनीचा इंजिनियर आला. त्याने ठोकळ्यावर पाण्याने भरलेली बशी ठेवली आणि वाट बघत राहिला. रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि बशीत गोल गोल लाटा उठल्या. त्याने बशीतलं पाणी बेसिनमध्ये ओतलं आणि मार्चची तारीख देऊन तो परतीच्या गाडीला निघून गेला. पद्मिनीला जानेवारीतच मलिहाबादच्या आंब्यांच्या मोहराच्या कळ्या कापायच्या होत्या. सगळं संशोधन त्यावर होतं. मोहर काही मार्चपर्यंत कळीत थांबणार नव्हता.

ओव्हरसियरचं म्हणणं पडलं की अख्खा ठोकळा फोडून नव्याने काम काढावं, म्हणजे पुन्हा अंदाजपत्रक, पुन्हा दर मागवणं. पद्मिनी ऐकेना. तिने स्वतः दोन ठेकेदार गाठले. पहिला म्हणाला की दुसऱ्याच्या कामाला आपण हात लावत नाही. दुसरा मोठ्या तोऱ्यात म्हणाला की कानपूरहून मशीन आणतो, परसों सुबह. त्या परवाच्या सकाळी ती आठ वाजल्यापासून फाटकाशी उभी राहिली. तो त्या दिवशीही आला नाही आणि नंतरही नाही.

घरी सरोजिनी नगरला जेवताना ती हे सगळं सांगे. नवरा, मधुकर, टेलिफोन खात्यात होता. सरकारी कामाची चाल त्याला ठाऊक होती. तो म्हणे, अगं, होईल, जरा दमानं घे. बारा वर्षांची माया मराठी सगळं समजे आणि उत्तर मात्र हिंदीत देई. "आई, आप खुद ही तोड़ दीजिए ना," ती म्हणाली. मधुकर हसला. पद्मिनीला हसू आलं नाही, कारण आदल्या दिवशी दुपारी तिने खरोखरच छिन्नी हातात घेऊन पाहिली होती.

जानेवारीतल्या एका रविवारी ती गहू दळायला कानपूर रोडवरच्या चक्कीवर गेली. डबा ठेवून नंबराची वाट बघत असताना तिचं लक्ष शेजारच्या दुकानात गेलं. भिंतीला भिंत लागून घड्याळजीचं दुकान होतं. डोळ्याला भिंग लावून तो चिमट्याने एक बारीकसं चाक बसवत होता, आणि पलीकडे दहा हातांवर चक्की धडधडत होती. पद्मिनी वाकली आणि तिने त्याच्या उंबऱ्यावर तळहात टेकला. उंबरा शांत होता.

चक्कीवाल्याला विचारलं तेव्हा कळलं, की दोघांचं या हादऱ्यावरून दोन वर्षं भांडण होतं, पोलीस ठाण्यापर्यंत गेलं होतं. मग इसरार मिस्त्रीने चक्कीच्या पायाभोवती खोल खाच कापून दिली आणि भांडण मिटलं. इसरार तिथून दोन गल्ल्या पलीकडे राहत होता. पद्मिनी दळण तसंच सोडून निघाली.

इसरार मिस्त्री पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस होता. खाटेवर बसून त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"मसाला नीचे तक गया है, या ऊपर-ऊपर भरा है?"

तीन महिन्यांत असा नेमका प्रश्न विचारणारा तो पहिलाच. पद्मिनीला एकदम हलकं वाटलं. सिमेंट खालपर्यंत गेलंय, ती म्हणाली. मग लोहाराकडून लांब पातळ छिन्न्या करून घ्याव्या लागतील, तो म्हणाला, आणि घाई चालणार नाही.

पण इसरारचं नाव संस्थेच्या यादीत नव्हतं. यादीत नसलेल्याला फाटकाच्या आत काम देता येत नाही, असं ओव्हरसियरने नियम काढून दाखवलं. वाट एकच होती. तिला जगदंबाप्रसादकडेच जावं लागलं, इसरारला तुमचा माणूस म्हणून घ्या असं सांगायला. तो लगेच कबूल झाला. काम दुरुस्त होणार होतं आणि त्याला बोटही हलवावं लागणार नव्हतं.

इसरारने चौदा दिवस घेतले. सबंध दिवस तो पोटावर पालथा पडून फटीत छिन्नी चालवी आणि तुटलेले तुकडे वाकवलेल्या तारेने वर ओढी. शेवटी त्याने पत्र्याची एक लांब पट्टी पद्मिनीच्या हातात दिली. "घुमा लीजिए," तो म्हणाला. तिने पट्टी फटीत तळापर्यंत सोडून चारी बाजूंनी ओढत नेली. एका कोपऱ्यात ती अडकली. इसरार पुन्हा पालथा पडला.

काम पुरं झाल्याचा फॉर्म भरल्याशिवाय वीजजोडणी मिळणार नव्हती. शेऱ्याच्या रकान्यात पद्मिनीने लिहिलं, की ठेकेदाराने काम बिघडवलं आणि इसरार मिस्त्रींनी ते सुधारलं. फॉर्म परत आला. तिने पुन्हा तेच लिहिलं, पुन्हा परत आला. कारकुनाने समजावलं, की रकान्यात 'संतोषजनक' किंवा 'असंतोषजनक' एवढंच चालतं, आणि असंतोषजनक लिहिलं तर चौकशी होईतो खोलीला कुलूप लागेल. तिसऱ्या खेपेला तिने 'संतोषजनक' लिहून सही केली. सही नेहमीसारखीच वळणदार आली, याचाच तिला राग आला.

इसरारला तिने ते त्याच्या घरी जाऊन सांगितलं. आपलं नाव कागदावर कुठेच नाही, हे ऐकून तो म्हणाला, "कागज पर तो हमारा नाम कभी नहीं रहा, बीबी." त्याला त्याचं विशेष वाटलं नव्हतं. तिला फार वाटलं.

मार्चात इंजिनियर आला आणि यंत्र बसलं. मलिहाबादच्या मोहराची तोवर बारीक कैरी झाली होती. त्या कामाला आता पुढच्या जानेवारीपर्यंत थांबणं आलं. तिने अंगणातल्या कडुलिंबाचं कोवळं पान आणलं आणि त्याचे काप काढले. बाहेरून ट्रक जात असताना काप एकामागून एक निघून पाण्यावर तरंगत राहिले, अखंड आणि सारखे.

वरच्या मजल्यावरचा उल्हास, रसायन विभागातला तिचा सहकारी, दोन कप चहा घेऊन अभिनंदन करायला आला. छान झालं, शेवटी मिळालं म्हणायचं, असं तो म्हणाला. पद्मिनीने त्याला बसायला सांगितलं आणि ऑक्टोबरपासूनचं सगळं सांगायला सुरुवात केली. साडेतीन फुटांची बाजू, बशीतल्या लाटा, तीनदा लिहिलेला फॉर्म. उल्हासने दोनदा घड्याळाकडे पाहिलं. तिचा चहा गार झाला, तरी ती थांबली नाही.