बेडकीच्या कपाळावरचं कुंकू

खंडेनवमी, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. तेव्हापासून माझ्या जिवाला जो घोर लागला, तो लागलाच.

मी कार्बोरेटर. डोंगरावर पर्यटक हौसेनं फिरवतात ती चार जाड चाकांची फटफटी तुम्ही पाहिली असेल. तिच्या टाकीच्या खाली मी बसतो. वरून पेट्रोल येतं, बाजूनं हवा येते, दोन्ही कालवून इंजिनाला घास भरवायचा, एवढंच माझं काम. भाजीत मीठ घालावं तसं. कमी पडून चालत नाही, जास्त होऊन तर नाहीच नाही.

माझा जन्म कुठं झाला ते मला आठवत नाही. आठवते ती पाचगणी. तिथं परगावची पोरं आम्हाला लाल मातीत पिदडायची. मग तो धंदा बंद पडला आणि गाडी ताडपत्रीखाली गेली. माझ्या पोटातलं पेट्रोल वाळून गोंदासारखं झालं. वाटलं, संपलो.

पण उदयसिंह फौजी सुट्टीवर आला आणि गाडी विकत घेऊन, मला साफ करून, कडेगावजवळ आपल्या वस्तीवर घेऊन गेला. वस्ती उसाच्या रानात. डांबरी रस्त्यापर्यंत सगळी काळी माती. पाऊस झाला की मोटारसायकल जागची हलत नाही. घरात त्याची बायको दीपमाला, वडील हंबीरराव आणि तान्ही प्रांजल. गेल्या उन्हाळ्यात प्रांजलला तापात आकडी आली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, ताप चढला तर घरी बसू नका, लगेच आणा. म्हणून तर आम्ही आलो. पलटणीत परत जाताना उदयसिंह म्हणाला होता, "आता घोर न्हाई."

घोर कसा नाही? रोज सकाळी दीपमाला पोरीच्या कपाळाला हात लावायची आणि मग येऊन गाडीला किक मारून बघायची. मी चालू झालो की तिचा श्वास सुटायचा. माझाही.

मग खंडेनवमी आली. हंबीररावांनी पूजेसाठी गाडी धुतली. चिखलात उड्या मारत जाते म्हणून तिचं नाव त्यांनीच बेडकी ठेवलेलं. वाटीत तेलात घट्ट कालवलेलं कुंकू होतं.

"मामा, कुंकू लाईटवर लावा की," दीपमाला सासऱ्यांना म्हणाली.

"लाईट म्हंजे डोळं. डोळ्यात कुंकू घालतीस व्हय गं? ह्ये बघ, पेट्रोलचं झाकण. ह्येच हिचं कपाळ."

आणि त्यांनी झाकणावर बोटभर जाड कुंकू लावलं, वर तांदूळ चिकटवले. त्या झाकणाला मधोमध एक बारीक भोक असतं. त्यातून टाकीत हवा जाते. ते गच्च बुजलं. मला कळलं, पण सांगू कसं? तेलातलं कुंकू, त्यावर धूळ. पावसानंही निघेना.

दुसऱ्या दिवसापासून गाडी थोडी चालायची आणि मरायची. हंबीरराव झाकण उघडून आत डोकवायचे. "पेट्रोल तर हाय!" झाकण लावून किक मारली की पुन्हा चालू. पुन्हा थोड्या वेळानं बंद. खापर माझ्यावर.

कडेगावच्या ऋषिराज मिस्त्रीनं मला खोललं. पेट्रोलच्या बारीक भोकात, जेटमध्ये, तार घातली, हवेचा स्क्रू फिरवला. त्याच्या दारात झाकण काढलेलंच होतं, म्हणून मी छान चाललो. घरी आलो आणि पुन्हा तेच. मग हंबीररावांनी स्वतःच स्क्रू पिळला. आधी आत, मग बाहेर. फोनवरून उदयसिंह म्हणाला, "काढून टाका त्यो. नवा बसवा."

नवा येण्याआधी परतीचा पाऊस आला. आणि प्रांजलला ताप आला.

सकाळी दीपमालानं पोरीला पदराखाली घट्ट धरलं आणि मागं बसली. हंबीररावांनी किक मारली. स्क्रू भलतीकडेच असल्यामुळे मी फटफट करत होतो, पण निघालो. ओढ्याच्या अलीकडं मला पेट्रोल कमी पडायला लागलं. थेंब, थेंब, मग काहीच नाही. बंद.

"आवं मामा, पोरीचं अंग लय तापलंय!"

"थांब, ह्येचा स्क्रू पिळतो."

मी मनात ओरडत होतो, नका हो, मला नका, वर बघा! दोन्ही बाजूंना ऊस, माणूस कुणी नाही. प्रांजलनं डोळे पांढरे केले तर काय, ह्या विचारानं दीपमाला सारखी तिच्या तोंडाकडं बघत होती. तिनं दुधाची बाटली पोरीच्या तोंडाला लावली. पोरीनं ओढलं, ओढलं आणि रडायला लागली. निप्पल चपटं झालं होतं. दीपमालानं सवयीनं बाटलीचं झाकण जरा सैल केलं. आत बुडबुडे उठले, दूध आलं.

ती त्या बुडबुड्यांकडं बघतच राहिली.

"मामा, स्क्रू सोडा. तुमी टाकीचं झाकण उघडलं की ही चालू हुती. लावलं की मरती. हिच्या टाकीत हवाच जाईना."

"पेट्रोलला कशाला पायजे हवा?"

"दुधाला लागती न्हवं?"

तिनं केसातला आकडा काढला, झाकणावरचं कुंकू खरवडलं आणि भोकात टोचला. फुस्स झालं. टाकीनं श्वास घेतला. पेट्रोल माझ्या पोटात उतरलं, आणि किक बसताच मी असा ओरडलो की उसातले बगळे उडाले.

"व्हय की गं पोरी!" हंबीरराव बोलले. मग थेट दवाखान्यापर्यंत त्यांनी गाडी दामटली.

दवाखान्याच्या दारात मी गरम होऊन उभा होतो. आत काय चाललंय, मला काय कळणार? किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी दीपमाला बाहेर आली. प्रांजल खांद्यावर झोपलेली, कपाळावर घामाचे थेंब. ताप उतरला होता. आकडी आली नव्हती. हंबीररावांनी पटक्याच्या टोकानं झाकणावरचा उरलासुरला लाल डाग पुसून काढला.

ऋषिराजनं नंतर माझा स्क्रू जागेवर आणला. पण इतक्या पिळण्यानं त्याची खाच झिजलीय. पुढच्या वेळी पेचकस धरेल की नाही, ही धास्ती आहेच. दीपमाला अजून रोज आधी पोरीच्या कपाळाला हात लावते, मग माझ्या टाकीच्या झाकणावरून बोट फिरवते.

तुमच्याकडंही खंडेनवमी येईल. कुंकू लावा, हार घाला, नारळ फोडा, पण टाकीच्या झाकणाचं भोक मोकळं ठेवा. गाडी चालून चालून बंद पडली तर मला पिळण्याआधी झाकण सैल करून बघा. आणि एवढं तुमच्या भावकीत, शेजारच्या वस्तीवर, ज्यांच्या घरी लहान लेकरू आहे त्यांना तर नक्की सांगा. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.